हळू आवाजाची हुकमत

सॅक्सोफोन म्हटला की मराठवाड्यातल्या माणसाच्या कानात आधी वरात वाजते. अंबड, जालना, परतूर या पट्ट्यात लग्नसराईत ब्रास बँड निघतो. त्यात ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटच्या जोडीला एखादा सॅक्सोफोन असला, तर त्याचे काम ठरलेले असते: ढोल-ताशांच्या आणि माणसांच्या गलक्यावरून सिनेमाच्या गाण्याची चाल शेवटच्या माणसापर्यंत पोचवायची. हे काम त्या वाद्याला मुळातलेच आहे. बेल्जियमच्या अडॉल्फ साक्सने १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले तेव्हा लष्करी बँडची गरज त्याच्या डोळ्यांपुढे होती. उघड्या मैदानावर लाकडी सुषिर वाद्ये कमी पडत. म्हणून त्याने नळी पितळेची केली, पण तोंडाशी क्लॅरिनेटसारखी वनस्पतीची पातळ पट्टी, म्हणजे रीड, ठेवली. पितळेचा जोर आणि रीडचा लवचिकपणा असे दोन्ही गुण एका वाद्यात आले. पुढे हिंदी सिनेमाने या वाद्याला दुसरी ओळख दिली. १९६९ च्या ‘आराधना’मधल्या ‘रूप तेरा मस्ताना’ या गाण्यातला मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन आठवा. तो धुंदीचा, आसक्तीचा, रात्रीचा सूर आहे. वरात आणि धुंदी, दोन्हीकडे सॅक्सोफोन पुढे येऊन स्वतःकडे लक्ष ओढून घेतो. या प्रकरणात ज्या ध्वनिमुद्रिकेचा विचार करायचा आहे, तिच्यात मात्र तो एका हलक्या, जवळजवळ बोलण्याच्या पातळीवरच्या आवाजाच्या मागे चालतो. माझे म्हणणे असे की त्या मुद्रिकेची सूत्रे त्या आवाजाच्याच हाती आहेत आणि सगळी मैफल त्याच्या मापाने बेतलेली आहे. मुखपृष्ठावरची नावांची मांडणी काहीही सांगो.

मुद्रिकेचे नाव ‘गेट्झ ओ गो गो’. स्टॅन गेट्झ या अमेरिकन टेनर सॅक्सोफोनवादकाची ही मुद्रिका व्हर्व्ह कंपनीने १९६४ च्या अखेरीस काढली. निर्माता होता क्रीड टेलर. नाव आले ते न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज भागातल्या ब्लीकर रस्त्यावरच्या ‘कॅफे ओ गो गो’ या नाइट क्लबवरून. तिथे १९ ऑगस्ट १९६४ रोजी ध्वनिमुद्रण झाले. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत गेट्झचे नवे क्वार्टेट आहे आणि सोबत गायिका म्हणून अस्त्रुद जिल्बेर्तोचे नाव आहे. क्वार्टेटमध्ये पियानो नाही. त्याच्या जागी गॅरी बर्टनचा व्हायब्राफोन आहे: धातूच्या पट्ट्या, त्यांच्याखाली उभ्या नळ्या, आणि नळ्यांच्या तोंडाशी मोटरवर फिरणाऱ्या चकत्या, ज्यांच्यामुळे सूर वाजल्यावर हलका हेलकावत राहतो. बर्टन तेव्हा अवघा २१ वर्षांचा होता. दोन्ही हातांत मिळून चार काठ्या धरून तो एका वेळी चार स्वर वाजवी. बासवर मुख्यतः जीन चेरिको, ड्रमवर जो हंट, आणि काही गाण्यांत केनी बरेलची गिटार. एकूण १० रचना आहेत. त्यांतल्या ६ अस्त्रुद गाते आणि ४ निव्वळ वादनाच्या आहेत. हा सहा-चारचा हिशेब लक्षात ठेवावा, कारण पुढचा बराचसा पुरावा त्यातूनच निघतो.

अस्त्रुद या मैफलीत आली कशी, ती कथा बहुतेक लोक जशी सांगतात तशी ऐकली तर माझे म्हणणे आधीच कोसळते. ती १९४० साली ब्राझीलमधल्या बाहिया प्रांतात साल्वादोर इथे जन्मली आणि रिओमध्ये वाढली. १९५९ मध्ये तिचे जुआंव जिल्बेर्तोशी लग्न झाले. जुआंव म्हणजे बोसा नोव्हा या गायनशैलीचा कर्ताच म्हणावा असा माणूस. मार्च १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत गेट्झ, जुआंव आणि संगीतकार अंतोनियो कार्लोस जोबिम ‘गेट्झ/जिल्बेर्तो’ ही मुद्रिका करत होते. इपानेमाच्या मुलीवरचे गाणे इंग्रजीतही हवे होते आणि जुआंवला इंग्रजी येत नव्हते. अस्त्रुदला येत होते, म्हणून ती गायली. पुढे एकेरी तबकडीसाठी ते गाणे कापून तीन मिनिटांच्या आत बसवले, तेव्हा जुआंवचा पोर्तुगीज भाग गळाला आणि अस्त्रुदचा राहिला. गाणे अमेरिकेत पाचव्या क्रमांकावर गेले, मोठी मुद्रिका दुसऱ्या क्रमांकावर पोचली, आणि १९६५ मध्ये दोन्हींना ग्रॅमीतले वर्षाचे सर्वोच्च मान मिळाले. गेट्झने त्या काळात एका मुलाखतीत सांगितले की ही बाई तर तेव्हा साधी गृहिणी होती, आपण तिला गाण्यात घेतले आणि तिचे नशीब उघडले. हीच कथा नंतर पसरली. तिच्याप्रमाणे पाहिले तर कॅफेतली मैफल म्हणजे गाजलेल्या गाण्याच्या लाटेवर घेतलेला फायदा, आणि त्या मैफलीतली अस्त्रुद म्हणजे गर्दी खेचणारे नाव. व्यापारी हेतू होता यात शंका नाही. पण एखादी गोष्ट कोणत्या हेतूने सुरू झाली हा एक प्रश्न आणि ऐकताना तिच्यात नेमके काय घडते हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर मुलाखतींत सापडत नाही. त्यासाठी तबकडीच ऐकावी लागते.

त्याआधी बोसा नोव्हा म्हणजे काय हे पाहायला हवे. ब्राझीलचा सांबा हा रस्त्यावरचा, मिरवणुकीचा प्रकार. त्यात ‘सुर्दो’ नावाचा मोठा ढोल पायाचा ठोका धरतो आणि ‘तांबोरीं’ नावाचे छोटे चर्मवाद्य त्यावर आडवेतिडवे, तिरपे आघात पेरते. १९५८ च्या सुमारास जुआंव जिल्बेर्तोने हा सगळा ताफा एका गिटारवर आणला. अंगठ्याने सुर्दोचा ठोका, बाकीच्या बोटांनी तांबोरींचे तिरपे आघात. आता प्रश्न आवाजाचा. तारांच्या गिटारवर बोटांनी वाजवलेला ठेका मुळातच हळू असतो. त्यावर कोणी गळा मोकळा सोडून गायले तर ठेकाच बुडेल. म्हणून जुआंव कंप न देता, सरळ, जवळजवळ बोलल्यासारखे गाई आणि शब्द ठोक्याच्या किंचित मागेपुढे टाकी. हे शक्य झाले कारण तोंडासमोर मायक्रोफोन होता. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि गायकाच्या श्वासाचा आवाजही तबकडीत उतरू लागला. बोसा नोव्हाच्या वेळेपर्यंत ते तंत्र चांगले मुरले होते. जुआंवने त्याच्याकडे नवे वाद्य म्हणून पाहिले. या शैलीतला हळूपणा लाजेतून किंवा अशक्तपणातून आलेला नाही, तो हिशेबाने ठरवलेला आहे. हे ध्यानात घेतले नाही तर अस्त्रुदच्या आवाजाचा न्याय आपण चुकीच्या कायद्याने करू.

मराठी श्रोत्याला हा बदल परका वाटण्याचे कारण नाही. नाट्यसंगीताच्या पहिल्या पिढीला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावाच लागे. केशवराव भोसल्यांच्या वरच्या पट्टीतल्या धारदार आवाजाची ख्याती त्याच गरजेतून समजते. मग तबकडी आली, रेडिओ आला, आणि जी. एन. जोशी, गजानन वाटवे यांच्या पिढीने भावगीत घराघरांत नेले. गाणे आता रंगमंचावरून खाली उतरून एका माणसाच्या कानाशी आले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला श्रीनिवास खळ्यांच्या चालीवर अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांनी गायलेले ‘शुक्रतारा’ आले, तेव्हा हा प्रवास पूर्ण झाला असे म्हणता येईल. ते गाणे बुलंद आवाजात म्हणून पाहिले तर त्याचा अर्थच हरवतो. रिओ आणि मुंबई एकमेकांना ओळखत नव्हत्या. तरी मायक्रोफोनने दोन्हीकडे जवळपास एकाच काळात एकच मुभा दिली: आवाज लहान ठेवूनही मोठा परिणाम साधण्याची. हे साम्य मी फार ताणणार नाही. भावगीतात शब्दार्थाला जे राज्य असते ते बोसा नोव्हात नाही, आणि बोसा नोव्हातली स्वरसंवादांची, म्हणजे कॉर्ड्सची, गुंतागुंत भावगीतात नाही. पण ‘हळू आवाज म्हणजे कच्चा आवाज’ हे समीकरण आपल्याच अनुभवाने खोटे ठरवले आहे, एवढे इथे पुरे.

आता तबकडीकडे. पहिलेच गाणे जोबिमचे ‘कोर्कोवादो’. रिओ शहरावर उभ्या असलेल्या डोंगराचे हे नाव, ज्याच्या माथ्यावर येशूचा भव्य पुतळा आहे. अस्त्रुद गाते तेव्हा सॅक्सोफोन तिच्या ओळींवर चढत नाही. ओळ संपते, श्वासाएवढी जागा मोकळी होते, आणि त्या जागेत तो दोन-चार स्वर ठेवून बाजूला होतो. अंबडच्या रसिकाला या शिस्तीची ओळख आहे. मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या निमित्ताने तिथे होणाऱ्या संगीत महोत्सवात ख्याल ऐकलेला माणूस चांगली साथ आणि वाईट साथ लगेच ओळखतो. हार्मोनियमवाला गायकाच्या पुढे धावला की तो अस्वस्थ होतो, क्षणभर मागे राहून सूर धरत गेला की मान हलवतो. गेट्झ या गाण्यांत साथीदाराची ही जागा घेतो. फरक आहे तो पद्धतीचा. आपली साथ गायकाने घेतलेली जागा पुन्हा उमटवते. जाझमधली साथ तीच जागा पुन्हा घेत नाही, तिला उत्तर देते. म्हणून गेट्झचे स्वर अस्त्रुदच्या चालीची नक्कल करत नाहीत. तिने अर्धवट सोडलेल्या वाक्याला तो शेपूट जोडतो, किंवा तिच्या खालच्या स्वराला वरून एक रेघ ओढतो. त्याच्या फुंकीत हवेचा सळसळाट मुद्दाम ठेवलेला ऐकू येतो. ओठांची पकड सैल करून खालच्या सप्तकात वाजवले की रीडमधून स्वराबरोबर श्वासही बाहेर पडतो. ज्या वाद्याचा जन्म मैदानासाठी झाला, ते इथे माणसाच्या श्वासाइतके जवळ आले आहे.

आता सहा-चारचा हिशेब. वादनाच्या चार रचनांपैकी गर्श्विनचे ‘समरटाइम’ लावून पाहावे. तोच वादक, तोच संच, पण इथे गेट्झ लांबलचक वाक्ये विणतो, वरच्या सप्तकात जाऊन स्वर करकरीत करतो, ड्रमला चेव आणतो. बर्टननेच रचलेल्या दोन रचनांत, ‘द सिंगिंग साँग’ आणि ‘सिक्स-निक्स-पिक्स-फ्लिक्स’मध्ये, व्हायब्राफोनही अंग मोकळे करतो. मग अस्त्रुद परत येते आणि सगळ्यांची मापे बदलतात. जो हंट स्नेअर ड्रमच्या कडेवर काठी टिकटिकवत ठेका अर्ध्या आवाजावर आणतो. बर्टन चार काठ्यांनी पातळ कॉर्ड्स ठेवतो आणि पुढचा ठोका येईपर्यंत त्या विरू देतो. बासचा स्वर ठोक्याला नेमका चिकटून राहतो. वादकांनी आपापला आवाका किती ठेवायचा हे जर गेट्झच्या मर्जीवर ठरत असते, तर तो आवाका दहाही रचनांत सारखा राहिला असता. तो बदलतो तो नेमका गायिका असण्या-नसण्यावर. माझ्या म्हणण्याला याहून सरळ पुरावा मला दिसत नाही.

यावर जाणकार म्हणतील, गेट्झ मुळातच हळुवार वाजवणारा. १९४८ मध्ये वुडी हर्मनच्या बँडबरोबर ‘अर्ली ऑटम’मध्ये त्याने जे वाजवले त्यातच हा मऊपणा होता, आणि त्याचा आदर्श लेस्टर यंग तर या मऊपणाचा मूळपुरुष. याच तबकडीवरचे ‘हिअर्स दॅट रेनी डे’ पाहा, त्यात अस्त्रुद नाही आणि तरीही गेट्झ किती हळवा आहे. मग श्रेय तिला कशाला? आक्षेप वजनदार आहे आणि अर्धा खरा आहे. मऊपणा गेट्झचा स्वतःचाच, तो अस्त्रुदने शिकवला नाही. पण मऊपणा आणि संयम या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ‘रेनी डे’मध्ये गेट्झ हळू वाजवतो, तरी सगळी जागा त्याची आहे. तो चाल लांबवतो, थांबवतो, सजवतो, आणि बाकीचे त्याची वाट पाहतात. अस्त्रुदच्या गाण्यांत त्याला मोजकी जागा मिळते आणि ती वापरून तो परत मागे सरतो. मधल्या स्वतंत्र आवर्तनातही तो चालीपासून फार दूर भटकत नाही, कारण परत येऊन सरळ, कंपरहित आवाजाशी त्याला सूर जुळवायचा असतो. अशा आवाजाशेजारी फार अलंकार घेतले की ते ओशाळे वाटतात. ही मर्यादा त्याच्यावर बाहेरून आली, आणि तिने त्याचे वादन सुधारले. निदान मला या तबकडीतले त्याचे सर्वांत सुंदर स्वर गायिकेच्या गाण्यांतच सापडतात.

दुसरा आक्षेप अस्त्रुदच्या गळ्यावरचा. तिचा आवाज पातळ आहे, पल्ला थोडा आहे, कधी कधी स्वर किंचित उतरतो, तालीम अशी झालेली नाही. हे सगळे खरे आहे आणि लपवण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो या शैलीतल्या रचना गळ्याकडून काय मागतात याचा. याच तबकडीवरचे ‘वन नोट सांबा’ घ्या. जोबिम आणि न्यूटन मेंडोंसा यांची ही रचना. तिच्या पहिल्या भागात चाल बराच वेळ एकाच स्वरावर थांबते, मग दुसऱ्या एका स्वरावर सरकते. आपल्याकडे तंबोरा एका जागी असतो आणि गाणारा हिंडतो. इथे गाणारा एका जागी उभा असतो आणि त्याच्या खालची जमीन, म्हणजे कॉर्ड्स, सरकत राहते. तोच स्वर आधी एका कॉर्डमध्ये समाधानाचा वाटतो, पुढच्या कॉर्डमध्ये बेचैन, तिसऱ्यात पुन्हा घरी आल्यासारखा. हा खेळ ऐकू यायचा असेल तर वरचा स्वर सपाट आणि स्थिर असायला हवा. भरदार, कंप देणारा, प्रत्येक स्वरावर भाव ओतणारा गळा इथे घातक ठरेल, कारण रंग बदलला तो कॉर्डमुळे की गायकामुळे हेच कळणार नाही. अस्त्रुदचा आवाज स्वतःहून रंग चढवत नाही, म्हणून खालचे रंग दिसतात. तालीम झालेली गायिका हे काम करू शकली नसती असे मी म्हणत नाही. तिला मात्र तालमीतले बरेच काही विसरावे लागले असते. ‘इट माइट ॲज वेल बी स्प्रिंग’ हे तर अमेरिकन सिनेमातले १९४५ चे गाणे, ब्राझीलशी त्याचा काही संबंध नाही, आणि पुष्कळ नामवंत गळ्यांनी ते रंगवून गायले आहे. अस्त्रुद ते रंगवत नाही. परकी भाषा जपून उच्चारणाऱ्या माणसासारखे शब्द एकेक करून ठेवते, आणि गाण्यातली अस्वस्थता त्या जपण्यातूनच उमटते. स्वर उतरतो तिथे तो उतरलाच आहे, त्याला मी गुण म्हणणार नाही. पण संबंध मुद्रिकेचे माप त्या दोन-चार स्वरांवरून ठरवणे म्हणजे भावगीताला ख्यालाची परीक्षा द्यायला लावण्यासारखे होईल.

तिसरा आक्षेप ‘लाइव्ह’ या शब्दाचा, आणि तिथे मला बरीच माघार घ्यावी लागते. मुखपृष्ठ एका क्लबचे नाव मिरवते, पण मुद्रिकेच्या तपशिलात दोन जागा आणि दोन तारखा येतात: १९ ऑगस्टचा कॅफे आणि ९ ऑक्टोबर १९६४ चे कार्नेगी हॉल. एक गल्लीतला लहान क्लब, दुसरे अमेरिकेतले अत्यंत प्रतिष्ठेचे मोठे सभागृह. म्हणजे एका रात्रीची अखंड मैफल आपण ऐकत आहोत ही समजूत चुकीची. तबकडीच्या दोन बाजूंवर बसतील अशा रचना निवडल्या, क्रम लावला आणि टाळ्या जुळवल्या. निर्मात्याचा हात प्रत्येक ठिकाणी आहे. याचा अर्थ मैफलीचे मोल नाहीसे होते का? मला तसे वाटत नाही, पण ते मोल कशात आहे हे नीट सांगायला हवे. अखंडतेत ते नाही. ते आहे वादक एकमेकांना त्याच क्षणी देत असलेल्या उत्तरांत. स्टुडिओत वादक वेगवेगळे बसवता येतात, चुकलेली ओळ पुन्हा घेता येते. श्रोत्यांसमोर अस्त्रुदने शब्द ठोक्याच्या मागे टाकला की गेट्झला तिथल्या तिथे ठरवावे लागते, की थांबायचे की भरायचे. ‘द टेलिफोन साँग’सारख्या हलक्याफुलक्या गाण्यात हा देवाणघेवाणीचा वेग चांगला ऐकू येतो. शिवाय एक गोष्ट जागेबद्दल. कुजबुजीसारखा आवाज शेकडो-हजारो माणसांच्या सभागृहात मायक्रोफोनशिवाय पोचणे अशक्य होते, तसा तो गजबजलेल्या क्लबातही पोचला नसता. दोन्हीकडे तंत्राने तो पोचवला. जागा दोन असूनही ऐकताना फार फरक जाणवत नाही याचे कारण हेच, की गाणे मुळात मायक्रोफोनच्या तोंडाशी घडत होते.

चौथा आक्षेप सगळ्यांत गंभीर, आणि तो ब्राझीलच्या बाजूने येतो. बोसा नोव्हा रिओतल्या कवींनी, संगीतकारांनी, गिटारवाल्यांनी घडवली. विनिसियस दे मोराइश, कार्लोस लिरा, जोबिम, जुआंव ही तिची माणसे. गेट्झने फेब्रुवारी १९६२ मध्ये वॉशिंग्टनच्या एका चर्चमध्ये गिटारवादक चार्ली बर्डबरोबर ‘जाझ सांबा’ मुद्रित केले, ते तुफान खपले, आणि त्यानंतर जगाला बोसा नोव्हा म्हटले की एका अमेरिकन सॅक्सोफोनवाल्याचा चेहरा दिसू लागला. या तबकडीत तर जुआंवची गिटारही नाही, म्हणजे शैलीचा कणाच काढून घेतला, असे म्हणता येते. उत्तर देण्याआधी आक्षेपातला न्याय मान्य करायला हवा. इपानेमाच्या त्या गाण्यासाठी अस्त्रुदला वादक-गायकांच्या नेहमीच्या दराने १२० डॉलर मिळाल्याचे सांगितले जाते, आणि मूळ मुद्रिकेवर तिचे नावही नव्हते. गाणे मात्र जगभर तिच्याच आवाजाने ओळखले गेले. हा अन्याय आहे आणि पुढच्या यशाने तो पुसला जात नाही. ठेक्याच्या बाबतीतही ब्राझिली कानाला गेट्झचा संच थोडा चौकोनी वाटतो. अमेरिकन ड्रमवाले तांबोरींचे तिरपे आघात ठरावीक साच्यात बसवून टाकतात आणि जुआंवच्या बोटांतला तो कायम हलणारा, किंचित अनिश्चित ठेका त्यांच्या हाती येत नाही. एवढे सगळे खरे धरूनही या तबकडीत जर कोणी त्या शैलीचे मूळ तत्त्व टिकवले असेल, तर ते अस्त्रुदने. गिटार गेली, भाषा अर्धी बदलली, ठेका बदलला. आवाजाची पातळी, शब्द ठोक्याच्या मागेपुढे ठेवण्याची सवय आणि भाव न ओतण्याचा कटाक्ष, हे सगळे तिने रिओतून जसेच्या तसे आणले. लिरा आणि विनिसियस यांचे ‘एउ ए व्होसे’ ती पोर्तुगीजमध्ये गाते तेव्हा हे विशेष जाणवते. बाकीचा संच अमेरिकन आहे आणि तरीही ऐकणारा क्षणभर रिओत असतो.

ही तबकडी १९६४ मध्ये, तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात असलेल्या अंबडला पोचली असण्याची शक्यता फार कमी. पण तिच्यातला ठेका वेगळ्या वाटेने लवकरच आला. १९६६ च्या ‘पती पत्नी’ या चित्रपटात राहुल देव बर्मन यांनी आशा भोसले यांच्याकडून बोसा नोव्हाच्या तालावर एक गाणे गाऊन घेतले. हिंदी सिनेसंगीतात या तालाचा तो अगदी आरंभीचा वापर मानला जातो. तिथून तो ताल विविध भारतीच्या वाटेने गावोगाव गेला, कोणाला त्याचे नाव माहीत नसताना. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत बसलेल्या गोव्याच्या वादकांना आणि सेबास्टियन डिसोझांसारख्या अरेंजरना जाझ चांगला अवगत होता. मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन त्यांच्यातच वाजत होता. १९६८ मध्ये शंकर-जयकिशन यांनी रईस खान यांच्या सतारीबरोबर ‘रागा जाझ स्टाइल’ काढली, त्यातही तो आहे. आपल्याकडे या वाद्याचा आणखी एक धागा गेला तो कद्री गोपालनाथ यांच्या हाती. मैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकून त्यांनी त्यावर कर्नाटक संगीत बसवले, आणि बँडचे वाद्य गमकांना कसे वळते हे सिद्ध केले. हे तीनही प्रयोग महत्त्वाचे आहेत. पण तिन्हींत सॅक्सोफोन पुढे आहे किंवा मोठ्या वाद्यवृंदाचा भाग आहे. हळू गाणाऱ्या आवाजाशेजारी एकटा सॅक्सोफोन, आणि तोही आवाज राखून, असा प्रयोग आपल्या भावगीतात सहज झाला असता. खळ्यांच्या चालींतल्या मोकळ्या जागा पाहिल्या की वाटते, त्या जणू अशाच एखाद्या वादकाची वाट पाहत आहेत.

मुद्रिकेनंतरच्या काळाने मुखपृष्ठावरची मांडणी हळूहळू उलटवली. १९६५ मध्ये व्हर्व्हने ‘द अस्त्रुद जिल्बेर्तो आल्बम’ काढला. त्यावर ठळक अक्षरांत नाव तिचे होते, आणि गिटारवर स्वतः जोबिम होता. पुढे तिने इतर भाषांतही गायले आणि स्वतः गाणी लिहिली. बर्टनने काही वर्षांतच गेट्झची साथ सोडून स्वतःचा संच उभारला. त्या संचातही व्हायब्राफोन आपल्या पातळ कॉर्ड्स विरू देतच राहिला. गेट्झ १९९१ मध्ये गेला, जुआंव २०१९ मध्ये, आणि अस्त्रुद जून २०२३ मध्ये फिलाडेल्फियात, गेट्झच्या जन्मगावी.